बोगद्याआधी नंबर बघ

दोन ठिकाणची जुनी मॅकं इंटरनेटवरून जोडायला निघालायस ना, मग राउटरला हात लावायच्या आधी कागद-पेन घे. दोन्हीकडचे ॲपलटॉक नेटवर्क नंबर आणि झोनची नावं लिहून काढ. ही नेटवर्कं लावली तेव्हा ती कधी एकमेकांना भेटतील असं कुणाच्या मनातही नव्हतं, त्यामुळे जो तो १ नंबर देऊन मोकळा झाला. ही जोडणी म्हणजे इंटरनेटमधून काढलेला बोगदा; त्याच्या दोन्ही टोकांना १ आला की राउटर घरच्याच १ कडे बघत बसतो, पलीकडचा १ त्याला सापडतच नाही. १ पासून ६५२७९ पर्यंत नंबर आहेत, त्यातला मधलाच एखादा उचल. हा बोगदा चालवणाऱ्या एयूआरपी या प्रोटोकॉलमध्ये परक्या नेटवर्कचा नंबर बदलून दाखवायची सोय आहे, पण ती जिथे आपला हात पोचत नाही तिथल्यासाठी राखून ठेव.

एयूआरपी का, हेही समजून घे. ॲपलटॉकचा रस्ते सांगणारा मूळचा प्रोटोकॉल, आरटीएमपी, दर १० सेकंदांनी रस्त्यांचा अख्खा तक्ता ओरडून सांगतो. एका इमारतीत ते चालतं, पण मोडेमच्या बारीक लाइनवर त्यातच जीव जायचा. १९९३ सालच्या आरएफसी १५०४ मधला एयूआरपी सुरुवातीला एकदा पूर्ण तक्ता देतो, पुढे बदल झाला तरच बोलतो. फार शहाणी रचना आहे ती. ॲपलटॉकच्या पाकिटात ५८६ बाइटच डेटा मावतो, म्हणून यूडीपीत गुंडाळल्यावरही ते इथरनेटच्या १५०० मध्ये सुखाने बसतं. फायरवॉलवर यूडीपी ३८७ उघडायला विसरू नकोस.

आता जिथे बहुतेक जण अडकतात ते सांगतो. बोगद्यातून कळलेला रस्ता राउटर त्याच बोगद्यात पुन्हा सांगत नाही. पुण्याने नाशिकला जोडलं, नाशिकने नागपूरला, म्हणून पुण्याला नागपूर दिसेल असं धरू नकोस. प्रत्येकाकडे बाकीच्या सगळ्यांचे आयपी पत्ते हवेत. पाच ठिकाणं म्हणजे दहा जोड्या. सहावा आला की पाचही जणांना कळव, त्याच दिवशी.

झोनचं नाव आधीच नीट ठरव, कारण ते बदलणं चिवट काम आहे. रस्त्यांच्या तक्त्यात झोनचं नाव नसतंच. राउटर ते एकदा विचारून घेतो आणि रस्ता जिवंत असेपर्यंत पुन्हा विचारत नाही. तू इकडे 'ऑफिस'चं 'कोथरूड' केलंस तरी पलीकडच्या मॅकच्या चूझरमध्ये 'ऑफिस'च दिसत राहील, आणि त्यावर क्लिक करून पलीकडचा माणूस बिचारा ताटकळत बसेल. नाव खरंच बदलायचं तर ते नेटवर्क सगळ्या राउटरच्या तक्त्यातून पुसलं जाईपर्यंत बंद ठेवायचं आणि मगच नव्या नावाने चालू करायचं. घाई केलीस तर जुनं नाव पुन्हा वर येतं. एकाच तारेवर नंबर आणि झोन ठरवून देणारे दोन राउटर, म्हणजे सीड राउटर, असतील, तर दोघांवर नंबर आणि झोन अक्षरन् अक्षर सारखे ठेव.

ॲपलटॉकची १५ हॉपची, म्हणजे वाटेतल्या राउटरांची, मर्यादा तुला इतक्यात नडणार नाही. पण या बोगद्यात कुलूपबंद काहीच नाही, सगळं उघड्यावर जातं. फाइल शेअरिंगमधला गेस्ट आधी बंद कर. लेझररायटर इतरांना दाखवायचा नसेल तर तो लपवता येतो, मात्र लपवलं म्हणजे सुरक्षित झालं असं समजू नकोस.

आणि राउटर बंद करायचा तर त्याच्या मेनूतून बंद कर, थेट वीज काढू नकोस. मेनूतून बंद केला की तो जाताना बाकीच्यांना तसं कळवतो आणि त्यांचे तक्ते लगेच साफ होतात. वीज काढलीस तर ते बराच वेळ त्यालाच हाका मारत बसतात.