अक्षरांचे गणित आणि यंत्र



परवा सातवीच्या वर्गात एकाने विचारले, "गुरुजी, संगणक आता बीजगणितसुद्धा सोडवतो म्हणे. मग आम्ही कशाला डोके शिणवायचे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर सर्वांनी वाचावे म्हणून इथे लिहितो.

साध्या गणकयंत्रावर १ भागिले ३ केले तर ०.३३३३३३३ येते. ते पुरे उत्तर नव्हे, शेपूट तोडलेले असते. बीजगणित करणारी संगणक-प्रणाली मात्र एक तृतीयांश तसाच ठेवते. तिला (अ + ब) चा वर्ग विचारा, ती अक्षरांतच सांगते: अ वर्ग अधिक २अब अधिक ब वर्ग. मॅक्सिमा नावाची अशी प्रणाली फुकट मिळते.

फ्रान्समध्ये डेलोने नावाचे खगोलशास्त्रज्ञ होऊन गेले. चंद्र आकाशात कधी कुठे असेल, याचे सूत्र त्यांनी हाताने काढले. दहा वर्षे आकडेमोड केली आणि आणखी दहा वर्षे ती तपासली. १८६० आणि १८६७ साली त्याचे दोन जाडजूड खंड निघाले. पुढे १९७० साली अमेरिकेत देप्री, हेनरार व रोम यांनी तेच काम संगणकाकडून करवून घेतले. लागले सुमारे वीस तास! डेलोनेंच्या चुका निघाल्या अवघ्या तीन, आणि त्यांतल्या दोन एकाच चुकीतून पुढे आलेल्या. काय मोजायचे आणि कसे, हे मात्र माणसांनीच ठरवले होते.

आता माझी फजिती ऐका. गणित होते: शेताची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटर जास्त, परिमिती ९० मीटर. संगणकावर मांडताना मी घाईत अधिकच्या जागी उणे टाकले. यंत्राने मुकाट्याने उत्तर दिले: रुंदी २५, लांबी २०. मी ते फळ्यावर लिहिलेही! तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "गुरुजी, लांबी रुंदीपेक्षा कमी कशी?" मी खडू खाली ठेवला. तिचेच बरोबर होते.

मुलांनो, यंत्राला चुकीचे गणित दिले, तर ते चुकीचेच गणित अचूक सोडवते. ते ओळखायला आपलेच डोके लागते. म्हणून रीत शिका.

गृहपाठ: (अ + ब) चा घन हाताने काढा. कागद फळ्याखालच्या पेटीत टाका. शनिवारी संगणकावर पडताळून पाहू. माझेही उत्तर तपासा बरं का!