शटर मागून बघावं

पूर्णेत घर बांधणारा माणूस फर्निचरचं फिनिश ठरवायला नांदेडला जातो. तीसेक किलोमीटरवर एसी शोरूम, छतात पांढरे दिवे, भिंतभर नमुने. तिथं पसंती होते ती रंगाची. ते शटर मग ज्या घरात येतं तिथं मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असतो, हिवाळ्यात थंडीही तशीच कडक, बोअरचं पाणी क्षारांचं. पायाखाली काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि तिच्याबरोबर भिंतीही थोड्या हलतात. नमुन्याच्या वीतभर तुकड्यावर यातलं काहीच दिसत नाही.

आम्ही रेल्वे क्वार्टरमधून स्वतःच्या घरात आलो. क्वार्टरमध्ये कडप्प्याच्या फळ्या आणि भिंतीतलं उघडं कपाट होतं. खराब होण्यासारखं त्यात काही नव्हतंच. नव्या घरात मॉड्युलर किचन करायचं ठरलं आणि घरात सगळ्यांना मोतिया रंगाची, चकचकीत, कडेनं नक्षीची खाच असलेली शटरं आवडली. त्यांना ना सांधा, ना पट्टी. या प्रकाराला मेम्ब्रेन म्हणतात. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाटावर नक्षी कोरायची आणि त्यावर पीव्हीसीचं पातळ फॉइल तापवून, हवा ओढून घेऊन चिकटवायचं. तापवून चिकटवलेलं पुन्हा तापलं तर सुटणारच, पण थंडगार दुकानात हा विचार कोणाच्या मनात येत नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात गॅसशेजारच्या शटरच्या खाचेत फॉइल उचललं. आमचा ओटा पश्चिमेच्या भिंतीला आहे. ती भिंत दुपारभर तापते आणि संध्याकाळी तिथंच ज्वारीच्या भाकरी. भाकरीला आच मोठी लागते, तव्याच्या कडेनं धग खाली-बाजूला पसरते. आधी नखाएवढा फुगवटा आला, मग बोट जाईल एवढी फट पडली. पावसाळ्यात सिंकखालचं शटर बुडातून फुगलं आणि लागेनासं झालं. बसवून देणाऱ्यांनी वॉरंटीचा कागद दाखवला. त्यात उष्णता आणि पाणी या दोन्हींनी होणारं नुकसान वगळलेलं होतं. स्वयंपाकघरातून आच आणि पाणी वगळलं तर वॉरंटी उरते कशाची, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी चहा मागवला.

उलगडा झाला तो गावातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडून. त्यांनी शटर उतरवून ओट्यावर पालथं घातलं. ‘ताई, तुम्ही समोरून बघायलाव. हे मागून खराब होतंय.’ मागच्या बाजूला बिजागरी बसवायला ३५ मिलिमीटरचं गोल भोक पाडलेलं होतं आणि त्याच्या आत एमडीएफ उघडा. ना सीलर, ना रंग. कुकरची वाफ तिथून आत शिरत होती. सिंकखालच्या शटरची खालची कड तर कोणी पुसायला वाकतच नाही. वरून ओघळलेलं पाणी तिथंच लोंबतं आणि जिरतं. समोरच्या मोतिया चकाकीवर मात्र एक ओरखडा नव्हता. फिनिशचे पैसे आपण दर्शनी बाजूचे मोजतो, पण फर्निचर किती टिकणार हे मागच्या बाजूवर आणि चारी कडांवर ठरतं. मी हे कोणालाही पहिल्यांदा सांगते, आणि लोक तरी रंगाचंच विचारतात.

मेम्ब्रेन वाईट असतं असं मी म्हणणार नाही. त्याच दुकानातून, त्याच वेळी केलेलं झोपायच्या खोलीतलं कपाट आजही नव्यासारखं आहे, कारण तिथं आच नाही आणि ओल नाही. म्हणून अख्ख्या घराला एकच फिनिश ठरवू नये. कुठल्या दाराला काय सोसायचं आहे ते आधी बघावं.

स्वयंपाकघरात मी आता प्लायवर सनमायकाच सांगते. दिसायला ती साधी, पण गुणाची. फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदाचे थर, वर मेलामाइन रेझिनमधला छापील कागद, आणि हे सगळं प्रचंड दाबाखाली, उष्णतेत एकजीव केलेलं. शेजारच्या गॅसची धग, हळदीचे हात, रोजचं पुसणं ती सहज सोसते. दर्शनी बाजूला १ मिलिमीटर जाडीची घ्यावी आणि आतल्या बाजूलाही सनमायकाच लावून घ्यावी, पातळ चालेल. पैसे वाचवायला आतून नुसता रंग मारला तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही आणि आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात शटर वाकतं. कडेला मशीननं चिकटवलेली पीव्हीसी पट्टी असेल तर तिचा गोंदही उष्णतेनं मऊ होणारा असतो. गॅसच्या दोन्ही बाजूंना म्हणून सागवानी पट्टी ठोकून तिला पॉलिश केलेलं बरं. चिकटवायला कोणता गोंद वापरणार, हेही विचारावं. पाणी सोसणारा आणि उष्णता सोसणारा असे वेगवेगळे गोंद मिळतात. साधा पांढरा स्वस्त पडतो म्हणून बहुतेक वेळा तोच सगळीकडे जातो.

खालचं प्लायच कच्चं असेल तर वरचं फिनिश काय करणार? सिंकखाली आयएस ७१० चं, म्हणजे मरीन दर्जाचं प्लाय घ्यावं. बाकी ठिकाणी आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारं, पुरतं. शिक्क्यावर आयएसआयची खूण आणि सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. दुकानात उभं राहून हे करायला संकोच वाटतो, पण करावं. वाळवीचं मात्र फिनिशवर सोडू नये. ती भिंतीतून, मागच्या बाजूनं येते आणि समोरच्या सनमायकाला हातही लावत नाही. कपाट भिंतीला लावण्याआधी भिंतीला आणि कपाटाच्या पाठीला औषध मारून घ्यावं लागतं.

चकचकीत की मॅट, यावर घराघरांत वाद होतात. चकचकीत ॲक्रिलिक आरशासारखं दिसतं, पण पूर्णेची धूळ कोरड्या फडक्यानं पुसली की त्यावर बारीक रेघा उठतात, गडद रंगावर जास्तच. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके वेगळे. शिवाय त्याची शोभा दोन शटरांमधल्या सरळ, सारख्या फटीत असते, आणि काळ्या मातीवरच्या घरात ती फट दुसऱ्या पावसाळ्यात तिरकी होते. स्क्रूनं पुढे-मागे, वर-खाली करता येणारी बिजागरी घेतली तर ती पुन्हा सरळ करता येते. खडबडीत पोताची सनमायका हाताला छान लागते, पण फोडणीचं तेल आणि पिठाचा भुरका तिच्या रेषांत बसतो आणि घासल्याशिवाय निघत नाही. स्वयंपाकघराला सपाट मॅट बरी. पांढऱ्या मॅटवर हळदीचा डाग पडला तर घाबरू नये. हळदीचा रंग उन्हात उडतो, दार दोन दिवस उन्हाकडे उघडं ठेवलं तरी फिका पडतो.

आता फवारून करायची कामं. ड्युको हा मुळात मोटारींचा रंग, १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीनं आणलेला. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, दोन भागांचं असतं, रंगात हार्डनर मिसळून मारायचं. दोन्ही सुरेख दिसतात आणि दोन्हींना धूळ आणि ओल चालत नाही. पावसाळी हवेत मारलेला ड्युकोसारखा लॅकर पांढुरका पडतो, ओल लागलेल्या पीयूला बुडबुडे येतात. उन्हाळ्यात इथं दुपारी वावटळी उठतात, ओल्या रंगावर कण बसले की सगळं पुन्हा घासावं लागतं. दिवाळीनंतरचे कोरडे महिने त्यासाठी चांगले. फवारणीच्या दिवशी सिलिंडर घराबाहेर काढावा, देवाचा दिवासुद्धा लावू नये. थिनरची वाफ पेट घेते. वास पूर्ण जाईपर्यंत त्या खोलीत लहान मुलांना झोपवू नये.

कपाटं आतून पांढरी हवीत म्हणून बरेच जण ऑइल पेंट मारून घेतात. बंद अंधारात तो पिवळा पडतो, उजेडातल्यापेक्षा लवकर. आतून फिकट सनमायका लावली तर हा प्रश्नच येत नाही.

आजोबांच्या वेळचं किनवटकडचं सागवान घरात असेल तर त्यावर सनमायका चिकटवायचा विचारही करू नका. स्पिरिटमध्ये लाखेचा चपडा विरघळवून केलेलं जुनं फ्रेंच पॉलिश गरम कपानं पांढरं होतं हे खरं, पण मिस्त्री तेवढ्याच जागी पुन्हा हात मारून ते सारखं करू शकतो. पीयूला असं ठिगळ लागत नाही. सागवानावर पीयूच हवं असेल तर आधी लाकूड थिनरनं पुसून घ्यायला सांगावं. त्याच्या अंगचं तेल पीयू नीट वाळू देत नाही. देव्हाऱ्याला फ्रेंच पॉलिशच शोभतं, फक्त निरांजनाखाली पितळी तबक ठेवावं.

पसंत पडलेल्या फिनिशचा तुकडा मागून घरी आणावा, तोही कापलेल्या कडेसकट. एक टोक रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावं, दुसऱ्यावर उकळत्या पाण्याचं पातेलं टेकवावं, मधे तेल-हळद चोळून सकाळी धुवावं, नाण्यानं ओरखडून बघावं. तुकडा द्यायला दुकानदार कुरकुरला तर त्याचे पैसे द्यावेत, फार होत नाहीत.

कोटेशन घेताना ‘प्लाय व सनमायका’ एवढंच लिहिलेलं असेल तर परत करावं. प्लायचा आयएस क्रमांक, सनमायकाची जाडी, आतल्या बाजूला काय, कडेला काय, बिजागरीची भोकं सीलरनं बंद करणार का, आणि सनमायकाचा कंपनीचा शेड नंबर, हे सगळं त्यात हवं. शेड नंबर तर कपाटाच्या आतही मार्करनं लिहून ठेवावा. कॅटलॉग बदलतात, आणि पुढे एकच शटर बदलायची वेळ आली की तो रंग मिळत नाही. म्हणून प्रत्येक शेडचा एखादा मोठा तुकडा उरवून घ्यावा आणि पलंगाखाली आडवा ठेवावा. भिंतीला उभा टेकवला तर तो वाकतो आणि मग नीट चिकटत नाही.