रानटर्कीची शिकार : किती फेऱ्यांमागे एक पक्षी?



शेतात किंवा रानात एखादा प्राणी, पक्षी अथवा कीड वाढली की घटली, हे आपण बहुधा नजरेच्या अंदाजाने ठरवितो. हा अंदाज कधी बरोबर ठरतो, तर कधी पार फसवितो. अंदाजाऐवजी मोजणी कशी करावी, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील रानटर्कीच्या शिकारीत सापडते. तेथे शिकारीला निघालेला माणूस किती वेळा यशस्वी होतो, याचा हिशेब राज्य सरकारांची वन्यजीव खाती दरवर्षी ठेवतात. ज्या दिवशी शिकारी रिकाम्या हाताने परत आला, तो दिवसही या हिशेबात धरला जातो. हा हिशेब कसा करतात, त्यात चुका कोठे होतात आणि आपल्या शेतीत ही पद्धत कशी वापरता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

रानटर्कीची ओळख

टर्की हा कोंबडी, मोर व तित्तिर यांच्याच कुळातील पक्षी आहे. आपल्याकडे काही कुक्कुटपालक टर्की पाळतात. तिचे मूळ मेक्सिकोतील रानटर्कीत असून तेथील लोकांनी ती फार प्राचीन काळी माणसाळविली. रानटर्की मात्र चपळ आणि अतिशय सावध असते. ती दिवसा जमिनीवर चरते आणि रात्री झाडावर बसते. वसंत ऋतूत नर पहाटे मोठ्याने साद घालून माद्यांना बोलावितो. मादी जमिनीवरच घरटे करते, साधारणपणे १० ते १२ अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस उबविते. जमिनीवरील घरटी रॅकून, स्कंक, कावळे इत्यादींच्या तावडीत सापडत असल्याने बरीच घरटी वाया जातात.

जंगलतोड आणि बाजारासाठी झालेली बेसुमार शिकार यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीस हा पक्षी अमेरिकेच्या अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या पशुपक्ष्यांच्या आंतरराज्य व्यापारास बंदी घातली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना मिळू लागले. प्रथम पिंजऱ्यात वाढविलेली टर्की रानात सोडून पाहण्यात आली, पण ती तेथे टिकली नाही. १९५० च्या दशकात स्फोटाच्या जोराने फेकल्या जाणाऱ्या जाळ्यांनी जंगली पक्षीच पकडून ते नव्या जागी सोडण्यास सुरुवात झाली. हा उपाय लागू पडला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस सुमारे १३ ते १५ लाख असलेली संख्या २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ६५ लाखांच्या पुढे गेली. एवढे पक्षी परत आल्यावर किती मारू द्यायचे, हे ठरविण्यासाठी यशाचा हिशेब आवश्यक झाला.

यश मोजण्याच्या दोन रीती

मिसुरी राज्याचे उदाहरण पाहू. तेथे १९६० मध्ये नव्याने वसंत मोसम सुरू झाला. सुमारे ७०० शिकाऱ्यांनी ९४ पक्षी मारले, म्हणजे शंभर शिकाऱ्यांमागे साधारण १३ पक्षी पडले. पुढे पक्षी वाढले. २००४ च्या वसंतात याच राज्यात ६० हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. २०२१ मध्ये ही संख्या ३५ हजारांच्या आसपास आली.

हे आकडे वाचून २००४ नंतर पक्षी निम्म्यावर आले, असे म्हणावेसे वाटते. परंतु केवळ मारलेल्या पक्ष्यांच्या संख्येवरून तसे म्हणता येत नाही. किती शिकारी निघाले आणि ते किती दिवस हिंडले, हे त्यासाठी कळले पाहिजे. म्हणून यश दोन प्रकारे मोजतात :

१) माणशी यश : मोसमात निघालेल्या शंभर शिकाऱ्यांपैकी किती जणांना निदान एक पक्षी मिळाला.

२) फेरीमागे यश : शिकारीच्या एकूण शंभर फेऱ्यांमागे किती पक्षी मिळाले. एका शिकाऱ्याचा एक दिवस म्हणजे एक फेरी.

समजा, एका भागात १०० शिकारी निघाले. प्रत्येकाने सरासरी ५ फेऱ्या केल्या, म्हणजे एकूण ५०० फेऱ्या झाल्या. २५ जणांना प्रत्येकी एक पक्षी मिळाला. माणशी यश शेकडा २५ झाले. फेरीमागे यश मात्र २५ भागिले ५००, म्हणजे शेकडा ५ एवढेच भरले. एकाच मोसमाचे हे दोन आकडे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. "चौघांत एकाला पक्षी मिळतो" आणि "वीस फेऱ्यांत एकदाच पक्षी मिळतो" ही दोन्ही विधाने येथे बरोबर आहेत. म्हणून यशाचा आकडा वाचताना तो माणशी आहे की फेरीमागे, हे प्रथम पाहावे.

फेरी रिकामी का जाते?

नवख्याला वाटते की एवढा मोठा पक्षी, त्यात तो स्वतः ओरडून आपली जागा सांगतो, मग शिकार सोपी असणार. प्रत्यक्षात पुढील कारणांनी बहुतेक फेऱ्या रिकाम्या जातात :

१) टर्कीची नजर अतिशय तीक्ष्ण असते. शिकाऱ्याच्या हाताची किंचित हालचालही तिला दिसते.

२) शिकारी मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला जवळ बोलावितो. निसर्गात मात्र बहुधा मादी नराकडे जाते, त्यामुळे नर जागचा न हलता साद घालत राहतो.

३) नराभोवती खऱ्या माद्या असतील तर तो नकली आवाजाकडे लक्ष देत नाही. माद्या अंड्यांवर बसू लागल्या की नर एकटे पडतात आणि तेव्हा ते हाकेला येण्याची शक्यता वाढते.

४) जोराचा वारा व पाऊस असताना नर कमी ओरडतात, आणि ओरडले तरी आवाज दूरवर ऐकू येत नाही.

५) छऱ्यांच्या बंदुकीचा खात्रीचा पल्ला सुमारे ३५ ते ४० मीटरच असतो. त्याबाहेर थांबलेला पक्षी दिसूनही हाती लागत नाही.

६) कायद्याची बंधने असतात. वसंत मोसमात सर्वसाधारणपणे छातीवर दाढीसारखा पिसांचा झुबका असलेलाच पक्षी मारता येतो. हा झुबका मुख्यतः नरालाच असतो. मोसमात किती पक्षी मारावेत, यावरही मर्यादा असते.

आकड्यात शिरणाऱ्या चुका

मारलेल्या पक्ष्यांची संख्या मिळविणे तुलनेने सोपे असते. मिसुरीसारख्या राज्यात पक्षी मारल्यावर त्याच दिवशी दूरध्वनीवरून किंवा संगणकावरून नोंद करणे सक्तीचे आहे. अवघड असते ते फेऱ्यांची संख्या मिळविणे. त्यासाठी मोसम संपल्यावर निवडक परवानाधारकांना प्रश्नावली पाठवितात. येथे तीन चुका संभवतात :

पहिली चूक उत्तर देणाऱ्यांची. ज्याला पक्षी मिळाला तो आनंदाने माहिती कळवितो. ज्याचे सर्व दिवस वाया गेले, तो पुष्कळदा प्रश्नावली बाजूला ठेवून देतो. त्यामुळे यश खरे असते त्याहून जास्त दिसते. म्हणून उत्तर न देणाऱ्यांना पुन्हा पत्र पाठवावे लागते.

दुसरी चूक आठवणीची. यशाचा दिवस लक्षात राहतो, रिकामे दिवस विसरले जातात. म्हणून काही राज्यांत स्वयंसेवी शिकाऱ्यांकडून रोजनिशी भरून घेतात. तीत किती तास हिंडलो, किती नरांची साद ऐकली आणि किती पक्षी दिसले, हे त्याच दिवशी लिहावयाचे असते.

तिसरी चूक सरासरीची. सराईत शिकारी मोसमाची मर्यादा लवकर गाठतो, तर नवखा अनेक वर्षे हात हलवीत परततो. दोघांची सरासरी कोणालाच नीट लागू पडत नाही.

यश टिकते, पण पक्षी घटतात

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पाहू. फेरीमागचे यश चांगले आहे, म्हणून पक्षी भरपूर आहेत, असेही समजू नये. पक्षी कमी झाले की नवखे शिकारी कंटाळून येणे सोडतात आणि सराईत तेवढे राहतात. शिवाय शिकारी जेथे पक्षी उरले आहेत तेथेच गोळा होतात. त्यामुळे एकूण पक्षी घटत असतानाही फेरीमागचे यश काही काळ तसेच टिकू शकते. याउलट २०२० च्या वसंतात कोरोनाच्या साथीमुळे लोकांना सवड मिळाली. अनेक राज्यांत शिकारी वाढले आणि मारलेले पक्षीही वाढले. पक्षी वाढले, असा त्याचा अर्थ नव्हता.

म्हणून वन्यजीव खाती एकाच आकड्यावर विसंबत नाहीत. उन्हाळ्यात माद्यांबरोबर किती पिल्ले आहेत, याचीही मोजणी होते. एका मादीमागे पिल्लांचे प्रमाण वर्षानुवर्षे घसरत राहिले, तर आजचे यश उद्या टिकणार नाही, हे स्पष्ट होते. दक्षिणेकडील अनेक राज्यांत असेच आढळून आले. त्यानंतर जॉर्जिया राज्याने २०२२ पासून मोसमातील मर्यादा ३ वरून २ पक्ष्यांवर आणली. टेनेसी राज्याने २०२३ पासून तसेच केले व मोसमही लांबणीवर टाकला, जेणेकरून नर मारले जाण्यापूर्वी अधिक माद्यांचा मेळ व्हावा. शिकाऱ्यांना हे निर्बंध गोड वाटले नसतील, पण एकदा नाहीसा होऊन परत आलेला पक्षी दुसऱ्यांदा गमावण्याची जोखीम परवडणारी नव्हती.

दिसतो तोच गुन्हेगार नव्हे

मोजणीचा फायदा तेथील शेतकऱ्यांनाही झाला आहे. मका व सोयाबीनच्या शेतात दिवसाढवळ्या टर्कीचे थवे दिसत असल्याने नुकसानीचा आळ तिच्यावर येत असे. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाने शेतात जाऊन नुकसान झालेली झाडे तपासली, तेव्हा बहुतेक नुकसान हरीण व रॅकून यांनी केल्याचे आढळून आले. हे प्राणी मुख्यतः रात्री येत असल्याने नजरेस पडत नाहीत. टर्की बहुतांशी सांडलेले धान्य, तणांचे बी व किडे वेचत होती. चुकीच्या प्राण्याचा बंदोबस्त केल्यास खर्च होतो आणि नुकसानही थांबत नाही.

आपल्या शेतीत उपयोग

आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मोर, तित्तिर, लाव्हा, रानकोंबडा यांसारख्या पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. तेव्हा तेथील शिकार आपण उचलावयाची नाही. उचलावयाची ती मोजणीची पद्धत. तिचे दोन उपयोग पुढे दिले आहेत.

१) कामगंध सापळे : कपाशीवरील शेंदरी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ सापळे लावून पतंग मोजण्याची शिफारस आपणास माहीत आहेच. सतत ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळल्यास उपाययोजना करावी, असे सांगितले जाते. समजा, ३ रात्रींत एकूण १२० पतंग सापडले. सापळे ५ असतील तर ५ गुणिले ३, म्हणजे १५ सापळा-रात्री झाल्या आणि सरासरी ८ आली. येथे उपाय करण्याची वेळ आली आहे. तेच १२० पतंग १० सापळ्यांत सापडले असतील तर सरासरी ४ च येते. पतंगांचा आकडा तोच, पण निर्णय वेगळा. ज्या सापळ्यात एकही पतंग नाही, तोही हिशेबात धरावा.

२) पिकाची राखण : रानडुक्कर किंवा नीलगाय किती वेळा आली, एवढेच लिहू नये, राखण किती रात्री केली, तेही लिहावे. समजा, गेल्या वर्षी २० रात्री राखण केली आणि ५ रात्री डुकरे आली. यंदा ८ रात्रीच राखण केली आणि ४ रात्री आली. वरवर पाहता उपद्रव ५ वरून ४ वर उतरला. प्रत्यक्षात तो चार रात्रींतून एकदा होता, तो दोन रात्रींतून एकदा झाला. गावातील काही शेतकऱ्यांनी मिळून अशी वही ठेवल्यास चित्र अधिक स्पष्ट होते आणि वन खात्याकडे म्हणणे मांडताना हाताशी नोंद असते.

वहीत पुढील रकाने पुरेसे आहेत : तारीख, शेताचे ठिकाण, किती तास किंवा किती सापळे, काय व किती आढळले, हवामान, शेरा. काहीच आढळले नाही तर त्या रकान्यात ठळक शून्य लिहावे. रकाना कोरा सोडू नये. कोऱ्या रकान्यावरून त्या दिवशी काही आढळले नाही की पाहणीच केली नाही, हे पुढे कळत नाही.

सारांश

यशाचा आकडा ऐकला की तो किती फेऱ्यांमागे आहे, हे विचारावे. रिकाम्या फेऱ्यांची नोंद त्याच दिवशी करावी. एकाच आकड्यावर न विसंबता निदान दुसऱ्या एका मोजणीने पडताळा घ्यावा. जो प्राणी डोळ्यांना दिसतो त्यालाच नुकसानीस जबाबदार धरू नये. येत्या हंगामापासून एक साधी वही राखणीच्या माळ्यावर आणि एक सापळ्यांसाठी ठेवल्यास फवारणीचा व राखणीचा निर्णय अंदाजाने न घेता हिशेबाने घेता येईल आणि ते निश्चितच हितावह ठरेल.