आरक्षण रद्द करताना

(सुट्टीत राहण्यासाठी घेतलेली जागा रद्द करावी लागली, तर भरलेल्या पैशांचे काय होते? ते परत मिळवण्यासाठी काय करावे? या पाठात त्याची माहिती दिली आहे.)

मुलांनो, उन्हाळ्याची सुट्टी लागली, की थंड हवेच्या ठिकाणी जावे असे कोणाला वाटत नाही? महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान ही गावे मे महिन्यात पाहुण्यांनी भरून जातात. ऐन वेळी गेल्यावर राहायला जागा मिळत नाही. म्हणून लोक आधीच जागा राखून ठेवतात. यालाच आरक्षण म्हणतात. बोलताना आपण 'बुकिंग' असेही म्हणतो.

समजा, तुम्ही मालेगावला राहता. तुमच्या अब्बांनी वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला ठेवले. महाबळेश्वरला एक लहानसा बंगला चार रात्रींसाठी ठरवला. एका रात्रीचे भाडे ३,००० रुपये. म्हणजे एकूण भाडे १२,००० रुपये झाले. त्यातले निम्मे, म्हणजे ६,००० रुपये, आगाऊ भरले. २० मे रोजी तिथे पोहोचायचे होते. तुम्ही पिशव्या भरायला घेतल्या आणि १० मे रोजी दादी आजारी पडल्या. त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. आता कसले महाबळेश्वर आणि कसले काय! घरात पैशांची गरज आहे आणि ६,००० रुपये तर बंगलेवाल्याकडे अडकले आहेत. अशा वेळी काय करायचे?

पुष्कळ लोक म्हणतात, "जाऊ द्या, गेले पैसे." काही लोक फोनवर भांडतात. या दोन्ही गोष्टींनी काम होत नाही. आधी आपला करार काय आहे, ते पाहावे लागते.

पावतीवरच्या अटी वाचा

आपण जागा ठरवतो, पैसे देतो आणि समोरचा माणूस ते घेतो. तेव्हा दोघांमध्ये करार होतो. उर्दूतही तुम्ही 'करार' हा शब्द वापरता. कराराच्या अटी बहुधा पावतीवर किंवा मोबाइलवर आलेल्या संदेशात असतात. त्या बारीक अक्षरांत असतात, म्हणून कोणी वाचत नाही. पण पैशांचा सारा निकाल तिथेच असतो.

समजा, तुमच्या पावतीवर असे लिहिले आहे : 'येण्याच्या तारखेपूर्वी १५ दिवस किंवा त्याहून आधी आरक्षण रद्द केल्यास आगाऊ रकमेतून १० टक्के कापले जातील. ७ ते १४ दिवस आधी रद्द केल्यास ५० टक्के कापले जातील. त्यानंतर काहीही परत मिळणार नाही.'

आता हिशेब करा. १० मे ते २० मे हे अंतर १० दिवसांचे आहे. म्हणून ६,००० रुपयांतून निम्मे कापले जातील आणि ३,००० रुपये परत मिळतील. पण 'दादींना बरे वाटले तर जाऊ' असे म्हणत अब्बा १५ मेपर्यंत थांबले, तर? मग पाचच दिवस उरतात आणि एक रुपयाही मिळत नाही. म्हणजे जाणे होणार नाही हे नक्की झाले, की त्याच दिवशी कळवावे. इथे एकेका दिवसाला किंमत आहे.

आणखी एक गोष्ट नीट पाहा. टक्के कशाचे कापणार? आगाऊ रकमेचे, की एकूण भाड्याचे? पावतीवर 'एकूण भाड्याच्या ५० टक्के' असे असेल, तर १२,००० रुपयांचे निम्मे म्हणजे ६,००० रुपये कापले जातील आणि हातात काही येणार नाही. एका शब्दाने ३,००० रुपयांचा फरक पडतो! म्हणून हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वीच विचारावा.

रद्द कोणी केले?

पैसे परत मागताना पहिला प्रश्न असा, की आरक्षण रद्द कोणी केले?

आपण स्वतः रद्द केले, तर पावतीवरच्या अटी लागू होतात. आपला बेत बदलला म्हणून सगळे पैसे परत द्यावेत, असा सरसकट कायदा नाही. यात अन्याय नाही. आपल्यासाठी जागा राखून ठेवताना मालकाने दुसऱ्या पाहुण्यांना नकार दिलेला असतो. त्याचेही नुकसान होते. पण त्या नुकसानीला मर्यादा आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी त्या रकमेच्या आत जी वाजवी भरपाई असेल, तेवढीच मागता येते. त्याच तारखांना मालकाला दुसरे पाहुणे मिळाले, तर त्याचे नुकसान थोडेच झाले. अशा वेळी जास्त रक्कम परत करण्याची विनंती आपण जरूर करावी.

मालकाने रद्द केले, तर गोष्ट वेगळी. आपण पैसे भरले, वेळेवर पोहोचलो आणि तो म्हणाला, "जागा दुसऱ्याला दिली." ही सेवेतील त्रुटी आहे. इथे आपण सगळी रक्कम परत मागू शकतो आणि झालेल्या त्रासाची भरपाईही मागू शकतो. चित्रात दाखवलेली जागा एक आणि प्रत्यक्षात मिळालेली जागा दुसरी, असे झाले तरी तीही त्रुटीच होय. मात्र तेव्हा जागेचे फोटो काढून ठेवावेत.

कधी कधी दोघांचाही दोष नसतो. २०२० साली कोरोनाची साथ आली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. प्रवासच बंद झाला. करार कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे जी गोष्ट करणे अशक्य झाले, तिचा करार रद्दबातल होतो. कलम ६५ प्रमाणे अशा कराराखाली ज्याने लाभ घेतला असेल, त्याने तो परत करायचा असतो. टाळेबंदीत रद्द झालेल्या विमानप्रवासाच्या तिकिटांचे पैसे कसे परत करावेत, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला.

ग्राहकाचा कायदा

पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा माणूस म्हणजे ग्राहक. ग्राहकाने एकट्याने लढावे तरी किती? म्हणून महाराष्ट्रात लोक एकत्र आले. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणून २४ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याच्या जागी २०१९ सालचा नवा कायदा आला. तो जुलै २०२० पासून अमलात आहे.

या कायद्यात 'सेवा' या शब्दामध्ये राहण्याजेवणाची सोयही येते. पैसे घेऊन पावती न देणे ही अनुचित प्रथा मानली आहे. नुकसान थोडे आणि दंड मात्र भरमसाट, अशा कराराला कायदा अनुचित करार म्हणतो.

आजकाल बरेच आरक्षण मोबाइलवरून होते. त्यासाठी २०२० साली वेगळे नियम झाले. ऑनलाइन विक्री करणारी कंपनी ग्राहकाकडून रद्द करण्याचे शुल्क घेत असेल, तर तिने स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तसेच शुल्क सोसले पाहिजे. आपली संमती दाखवणारी खूण कंपनीने आधीच करून ठेवायची नाही. ती आपणच करायची असते.

तक्रार कशी करावी?

मुलांनो, इथे एका शब्दाकडे लक्ष द्या. उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद, हुज्जत. मराठीत 'तक्रार' म्हणजे शिकायत. शब्द एकाच घरचा, पण अर्थ बदलला. म्हणून मराठीत तक्रार करणे म्हणजे भांडणे नव्हे. आपले म्हणणे नीट, पुराव्यासह मांडणे म्हणजे तक्रार.

पहिली पायरी म्हणजे पत्र. फोनवरचे बोलणे हवेत विरते. लिहिलेले उरते. पत्र असे लिहावे :

दिनांक : १० मे
प्रति,
मा. व्यवस्थापक यांस,
स. न. वि. वि.
मी आपल्या बंगल्याचे २० मे ते २४ मे या काळासाठी आरक्षण केले होते. आगाऊ ६,००० रुपये भरले आहेत. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. माझ्या आईला दवाखान्यात दाखल करावे लागल्यामुळे आम्हांला येता येणार नाही. कृपया हे आरक्षण आजच्या तारखेपासून रद्द करावे. पावतीवरील अटीप्रमाणे ३,००० रुपये १५ दिवसांच्या आत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. त्याच तारखांना आपणांस दुसरे पाहुणे मिळाल्यास उरलेल्या रकमेचाही विचार करावा, ही विनंती. हे पत्र मिळाल्याचे कळवावे.
आपला,
(सही)

पाहा, या पत्रात राग नाही. पण तारीख आहे, रक्कम आहे, कारण आहे आणि मुदतही आहे. पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

दुसरी पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पत्राला उत्तर आले नाही, तर १९१५ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतूनही तक्रार सांगता येते.

तिसरी पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार इथे करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला कोणतेही शुल्क नाही. वकील नेमलाच पाहिजे, असेही नाही. बंगला साताऱ्याच्या बाजूला असला, तरी मालेगावचा माणूस आपल्या नाशिक जिल्ह्यातच तक्रार करू शकतो. सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे.

सावध राहा

"तुमचे पैसे परत पाठवतो, फक्त पिन टाका," असा फोन कधी कधी येतो. तो फसवणुकीचा असतो. मोबाइलवर पैसे घेताना पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. कोणी फसवलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

मुलांनो, हक्क मागणाऱ्याने आपले कर्तव्यही करावे. जाणे होणार नसेल, तर मुकाट्याने घरी बसू नये. ताबडतोब कळवावे. आपण सोडलेली जागा दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला मिळेल, मालकाचे नुकसान टळेल आणि आपले पैसे परत मिळण्याची वाटही सोपी होईल. तुमच्या घरी यापुढे कोणतेही आरक्षण झाले, तर पावती तुम्ही मागून घ्या आणि तिच्यावरच्या अटी मोठ्याने वाचून दाखवा. घरातल्या मोठ्या माणसांना त्याचा नक्कीच उपयोग होईल.

शब्दार्थ
आरक्षण – जागा राखून ठेवणे
आगाऊ – आधी दिलेले, पेशगी
अट – शर्त
वाजवी – योग्य, मुनासिब
भरपाई – नुकसानीबद्दल दिलेली रक्कम
त्रुटी – उणीव, कमी
अनुचित – योग्य नसलेले
एकतर्फी – दुसऱ्याला न विचारता केलेले

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ग्राहक कोणाला म्हणतात?
(आ) राष्ट्रीय ग्राहक दिन कधी असतो?
(इ) तक्रार किती वर्षांच्या आत करावी लागते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) जाणे होणार नाही, हे त्याच दिवशी कळवावे.
(आ) फोन करण्यापेक्षा पत्र लिहिणे चांगले.
(इ) पिन विचारणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

प्र. ३. हिशेब करा.
पाठातील अटींप्रमाणे १८ दिवस आधी आरक्षण रद्द केले असते, तर ६,००० रुपयांपैकी किती रुपये परत मिळाले असते?

प्र. ४. 'करार', 'रक्कम', 'तारीख', 'मुदत', 'हिशेब', 'नुकसान' हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा उपयोग करून मराठीत एक एक वाक्य लिहा.

उपक्रम : घरातील कोणतीही एक पावती वर्गात आणा. तिच्यावरील अटी वाचा आणि त्यांचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.