जुने सिलिंडर, अंगणातली शेगडी आणि गच्चीचा कठडा



पाठाचा आधार : अनुवाद २२:८ आणि लूक १४:२८

सातपुड्याच्या पायथ्याशी थंडी सुरू झाली की आमच्या वसतिगृहात पहाटेचा पहिला प्रश्न असतो अंघोळीच्या पाण्याचा. चाळीस मुले-मुली आहेत. बहुतेक अक्कलकुवा आणि धडगाव भागातल्या पाड्यांवरून आलेली, भिल्ल आणि पावरा घरांतली. स्वयंपाक गॅसवर होतो, पण चाळीस जणांचे पाणी गॅसवर तापवणे आपल्याला परवडत नाही. त्यामुळे अंगणात तीन दगड, त्यावर मोठा टोप आणि खाली मिळेल ते लाकूड, अशी आमची व्यवस्था होती. सरपण मुले शनिवारी दुपारी आणत.

गेल्या वर्षी एका शनिवारी सहावीतली एक मुलगी अभ्यासाच्या तासाला दिसली नाही. चौकशी केली तर ती ओढ्यापलीकडून मोळी घेऊन येत होती. मोळी तिच्या उंचीपेक्षा लांब होती. ती खाली ठेवायला मदत केली तेव्हा कपाळावर दोरीचा लाल वळ दिसला. मी म्हटले, "एवढी मोठी कशाला आणलीस?" ती म्हणाली, "सर, दोन दिवस पुरते ना." मोळ्या वाहणे सुटावे म्हणून आईने तिला शाळेत धाडले, आणि आम्ही तिच्या डोक्यावर पुन्हा मोळीच ठेवली. त्या रात्री ठरवले की याला काही उपाय शोधायचा.

भेट आलेली दोन सिलिंडर

त्याच सुमारास आपल्या कामावर प्रेम करणाऱ्या एका कुटुंबाने जुन्या वस्तूंबरोबर दोन लहान गॅस सिलिंडर पाठवली. पाच-पाच किलोची, गंजलेली, कोणत्याही कंपनीचा शिक्का नसलेली. सोबत निरोप होता की परदेशात अशा सिलिंडरांच्या छान शेगड्या करतात, तुम्हीही करून बघा.

निरोप खरा होता. इंग्लंड-आयर्लंडकडे हौशी लोक जुन्या सिलिंडरांपासून अंगणात ठेवायच्या लाकडाच्या शेगड्या खरोखर करतात. सिलिंडरचा पत्रा जाड असतो, म्हणून तो लवकर जळून जात नाही. आकार गोल असल्याने उष्णता सगळीकडे सारखी पसरते. वरच्या व्हॉल्व्हच्या जागी धुराडे बसते, पोटाला दार कापता येते, खाली पाय जोडता येतात. मला हे फार आवडले. फुकटात लोखंड मिळाले होते आणि प्रार्थनेचे उत्तर दारात आले, असेच वाटले.

दोन्ही सिलिंडर घेऊन मी बाजारच्या गावी वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेलो. थंडीची सकाळ होती. मी चावी फिरवून दाखवली. ना आवाज, ना वास. म्हटले, "चाचा, रिकामी आहेत. इथे दार कापा आणि इथे पाइप जोडा."

चाचांनी हात लावला नाही. "सर, हे काम मी करत नाही. तुम्ही दुपारपर्यंत थांबा." त्यांनी दोन्ही सिलिंडर दुकानापासून लांब, मोकळ्या पटांगणात उभी करून ठेवली. मला राग आला, कारण पुढची बस चुकणार होती. दुपारी ऊन चढल्यावर ते मला तिकडे घेऊन गेले. दहा पावले अलीकडेच गॅसचा तो ओळखीचा वास आला. सकाळी गप्प असलेली सिलिंडर उन्हाने तापून बोलू लागली होती. चाचा एवढेच म्हणाले, "ग्राइंडरची एक ठिणगी पुरली असती." माझा राग तिथेच विरला. पाहायला बरोबर दोन मुलांनाही आणायचे माझ्या मनात होते. ते आठवले आणि अंगावर काटा आला.

रिकामे म्हणजे रिकामे नव्हे

हे असे का होते ते आपण सर्वांनी समजून घ्यावे, कारण सिलिंडर आता घरोघरी आहे.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन. दाबाखाली तो द्रवरूपात असतो. शेगडी पेटेनाशी झाली की आपण सिलिंडर रिकामे म्हणतो, पण तळाशी थोडा जड अंश राहतो. थंडीत तो निपचित पडून असतो आणि ऊब मिळाली की त्याची वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून जात नाही. ती जमिनीलगत आणि खोलगट जागी साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्के असले की एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणजे थोडा गॅस आणि बरीच हवा असलेले सिलिंडर कापणेही घातक आहे. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात.

परदेशातले जाणकार कारागीर व्हॉल्व्ह मोकळ्या जागेत काढतात, सिलिंडर काठोकाठ पाण्याने भरतात, ते अनेकदा धुतात आणि मगच कापतात. पहिला जाळ बाहेर करून रंग जाळून टाकतात. त्यांच्याकडेही जीव गमावण्याइतका हा धोका खरा आहे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. घरातले १४.२ किलोचे सिलिंडर आपल्या मालकीचे नसते. आपण फक्त अनामत रक्कम भरतो आणि सिलिंडर कंपनीचेच राहते. ते कापणे किंवा भंगारात विकणे हा गुन्हा आहे.

म्हणून आमचा निर्णय साधा झाला : सिलिंडर कापायचे नाही. ती दोन्ही सिलिंडर आम्ही गॅस वितरकाच्या माणसाला दाखवली आणि त्याच्या सल्ल्याने त्याच्याच हवाली केली.

गच्चीचा कठडा

सेमिनरीत अनुवादाचे पुस्तक शिकताना २२व्या अध्यायातली एक छोटी आज्ञा मी भरभर वाचून पुढे गेलो होतो. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर कोणी पडले तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा अर्थ आहे. तेव्हा वाटले होते की देवाच्या नियमशास्त्रात बांधकामाचा विषय कशाला? आता वाटते, याहून जवळची आज्ञा मला दुसरी मिळाली नसती. घर बांधणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण हेतू चांगला म्हणून पडणारा वाचत नाही. प्रभू येशूनेही बुरूज बांधणाऱ्याचे उदाहरण देताना आधी बसून हिशेब करायला सांगितले. मी पैशांचा हिशेब केला होता. त्यात मुलांच्या जिवाचा आकडा मांडायचा राहून गेला होता.

मग आम्ही काय केले

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातील अप्रोवेचो या संस्थेत लॅरी विनियार्स्की यांनी 'रॉकेट' नावाच्या चुलीची तत्त्वे मांडली. थोड्या काटक्या, अरुंद उभी भट्टी आणि भोवती उष्णता अडवणारा थर, हे तिचे सार. आपल्याकडे पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, सुधारित चुलींवर पुष्कळ काम केले आहे. या विचारावर आम्ही बाजारातून आणलेल्या खाद्यतेलाच्या २०० लिटरच्या लोखंडी पिंपाचा अर्धा भाग वापरला. त्याची कृती अशी :

१. पिंप खाद्यतेलाचेच असावे. रंग, रसायन किंवा कीटकनाशकाचे पिंप कितीही धुतले तरी घेऊ नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही नको, तापल्यावर त्याचा धूर बाधतो. पिंपाची दोन्ही बुचे उघडून ते सोड्याच्या गरम पाण्याने धुवावे आणि छिन्नी-हातोड्याने मधोमध कापावे. पिंपालाही ग्राइंडर किंवा गॅस कटर लावू नये.

२. बुडाचा अर्धा भाग सुमारे ४४ सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या बाजूला, बुडाशी, १५ सेंटिमीटर रुंद आणि तितकेच उंच तोंड कापावे. कडा हातोडीने वळवाव्यात, नाहीतर हात कापतो.

३. आत मधोमध विटा उभ्या लावून १५ सेंटिमीटर चौरस पोकळीची भट्टी वरपर्यंत न्यावी आणि खाली ती बाजूच्या तोंडाला जोडावी. सांधे चिकणमाती आणि भाताचा तूस यांच्या गाऱ्याने भरावेत. सिमेंट नको, ते जाळाने फुटते.

४. भट्टी आणि पिंप यांच्यामधली जागा चाळलेल्या कोरड्या राखेने भरावी. खरी बचत इथे होते. राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून भट्टी चांगली तापते आणि धूरही बराचसा जळून जातो. वरून मातीचा दोन बोटे थर लिंपावा.

५. तोंडाच्या अर्ध्या उंचीवर लोखंडी पट्टीची फळी ठेवावी. काटक्या फळीवर आणि हवा खालून. खालची जागा लाकडाने कधी भरू नये.

६. टोप तीन लोखंडी तुकड्यांवर, भट्टीच्या तोंडापासून सुमारे ४ सेंटिमीटर वर बसवावा. अंतर कमी असेल तर धूर मागे फिरतो, जास्त असेल तर उष्णता वाऱ्यावर जाते. टोपाभोवती दीड सेंटिमीटर जागा सोडून पत्र्याचे कडे लावले की गरम वायू टोपाच्या अंगाला घासून जातात.

गारा वाळायला आठ दिवस द्यावेत. पहिले दोन दिवस अगदी मंद जाळ करावा. आमची पहिली भट्टी मी घाईने चौथ्या दिवशी पेटवली आणि ती तडकली. पुन्हा बांधावी लागली.

जळणाचा हिशेब

प्रत्येकी १० लिटर धरले तर चाळीस मुलांना ४०० लिटर पाणी लागते. ते २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला १०,००० किलोकॅलरी हव्यात. एक किलो कोरड्या लाकडात साधारण ३,६०० किलोकॅलरी असतात. तीन दगडांच्या उघड्या चुलीत त्यातला दहावा हिस्सा कामी आला, तर रोज २८ किलो लाकूड जाते. पाव हिस्सा कामी आला तर ११ किलो पुरते. हा कागदावरचा हिशेब झाला. आमच्या अंगणात वारा असतो, लाकूड कधी ओले असते. तरीही जिथे दोन मोळ्या लागत तिथे आता एक पुरते, असे आमच्या स्वयंपाकाच्या मावशी सांगतात.

दुसरा फायदा मला आधी सुचला नव्हता. या शेगडीला जाड लाकूड चालतच नाही. तिला बोटाएवढ्या काटक्या हव्यात. त्यामुळे शेजारच्या शेतातली पऱ्हाटी, तुरकाठ्या आणि बांधावर माजलेली घाणेरी असे सगळे चालते. पऱ्हाटी शेतकरी एरवी शेतातच जाळून टाकतात. आता ते आपण होऊन गाडीभर आणून टाकतात. शनिवारी रानात जाणे बंद झाले आहे.

कठड्याचे पाच नियम

शेगडीजवळच्या भिंतीवर आम्ही हे नियम लिहून लावले आहेत :

१. शेगडी उघड्यावरच राहील. थंडी कितीही असो, ती किंवा तिचे निखारे झोपण्याच्या खोलीत नेऊ नयेत. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

२. पेटवणे आणि टोप उतरवणे मोठ्यांचे काम. मुलांसाठी चार पावलांवर चुन्याची रेघ.

३. रॉकेल, प्लास्टिक, टायर, रंगवलेले लाकूड आणि कण्हेरीची काटकी जाळू नये.

४. पाण्याची बादली आणि वाळूची पाटी नेहमी शेजारी.

५. राख दुसऱ्या दिवशी, थंड झाल्यावरच काढावी.

चर्चेसाठी

महिला संघ, तरुण संघ किंवा घरच्या प्रार्थनेत पुढील प्रश्नांवर बोलावे :

१. आपण दान म्हणून दिलेली वस्तू घेणाऱ्याला निर्धास्त वापरता येईल का, हे आपण कधी विचारतो का?

२. चाचांसारखे 'हे काम मी करत नाही' असे ठामपणे म्हणणारे माणूस आपल्या कामात कोण आहे? आपण त्याचे ऐकतो की त्याच्यावर रागावतो?

३. आपल्या घराच्या, मंडळीच्या किंवा शाळेच्या कोणत्या गच्चीला अजून कठडा नाही?

ज्या कुटुंबाने सिलिंडर पाठवली त्यांना मी सगळी हकिगत कळवली. त्यांना वाईट वाटेल अशी भीती होती. त्यांनी उलट विचारले, "मग पिंप कितीला मिळते?" दुसऱ्या शेगडीचे पिंप आणि टोप त्यांच्याच मदतीतून आले. ती मुलींच्या बाजूच्या अंगणात बसवली आहे.

मोळी आणणारी ती मुलगी आता सातवीत आहे. परवा शनिवारी मी अभ्यासाच्या तासाला डोकावलो. ती शेवटच्या बाकावर बसून गणित सोडवत होती आणि उत्तर चुकले होते. मी तिला सांगितले, ती हसली, आणि खोडून पुन्हा सोडवायला बसली.