नमुना यंत्रापासून कारखान्यापर्यंत : राष्ट्रीय प्रयोगशाळांचा नवउद्योजकांना आधार



सौर वाळवणी यंत्र, बायोगॅसवर चालणारे इंजिन, काडीकचऱ्यापासून विटा तयार करणारे यंत्र, अशी अनेक साधने आपल्या भागातील कल्पक शेतकरी आणि फॅब्रिकेशनचे काम करणारे तरुण तयार करतात. कृषी प्रदर्शनात त्यांचे कौतुक होते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मात्र चार-पाच वर्षांनी शोध घेतला असता यातील फारच थोडी यंत्रे दुकानात विक्रीस आलेली दिसतात. काही वेळा तर यंत्रासाठी काढलेले कर्ज फेडण्यातच कुटुंबाची उमेद जाते. कल्पना चुकीची असते असे नाही. कल्पना आणि विक्रीयोग्य यंत्र यांच्यामध्ये जी मोठी दरी आहे, ती ओलांडण्याची सोय नसते. अमेरिकेत ही दरी बुजविण्यासाठी गेल्या दशकात एक वेगळा मार्ग अवलंबिण्यात आला. त्याची माहिती आणि त्यावरून आपण काय घ्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

दरी कशामुळे निर्माण होते?

संगणकाचा कार्यक्रम लिहिणाऱ्यास एक संगणक आणि काही महिने पुरतात. ऊर्जेचे यंत्र बनविणाऱ्याचे तसे नाही. त्याला धातू, रसायने, उच्च तापमान आणि दाब यांच्याशी काम करावे लागते. यंत्र उन्हापावसात किती वर्षे टिकेल, बिघडल्यास धोका होईल काय, एका नगाचा खर्च किती येईल, हे सिद्ध करण्यास पाच ते दहा वर्षे लागू शकतात. या काळात उत्पन्न शून्य असते. विद्यापीठाचे संशोधन अनुदान शोधनिबंधापर्यंत साथ देते आणि खाजगी गुंतवणूकदार तयार माल दिसल्यावर पैसे देतो. मधली वर्षे कोणाचीच नसतात. उद्योगजगतात या टप्प्याला 'मृत्यूची दरी' असेच म्हणतात.

अमेरिकेत २००५ नंतर स्वच्छ ऊर्जेच्या कंपन्यांमध्ये खाजगी पैसा मोठ्या प्रमाणात आला. परंतु लवकर नफा न दिसल्याने तो तितक्याच वेगाने ओसरला. ५३.५ कोटी डॉलरच्या सरकारी कर्जहमीचा आधार मिळालेली सोलिंड्रा ही सौर पॅनेल बनविणारी कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर अशा यंत्रांवर पैसे लावण्यास गुंतवणूकदार कचरू लागले.

योजनेची सुरुवात

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अखत्यारीत १७ राष्ट्रीय प्रयोगशाळा आहेत. त्यांपैकी बर्कले (कॅलिफोर्निया) येथील लॉरेन्स प्रयोगशाळा १९३१ मध्ये, ओक रिज (टेनेसी) येथील १९४३ मध्ये, तर शिकागोजवळील आरगॉन येथील १९४६ मध्ये स्थापन झाली. या ठिकाणी कोट्यवधी डॉलरची उपकरणे आणि ती चालविणारे निष्णात शास्त्रज्ञ आहेत. एकट्या नवउद्योजकाला मात्र या फाटकातून आत जाणे जवळजवळ अशक्य होते.

बर्कलेच्या प्रयोगशाळेत २०१४ मध्ये इलान गुर यांच्या पुढाकाराने 'सायक्लोट्रॉन रोड' ही अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) सुरू झाली. हे नाव प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या रस्त्याचेच आहे. हा प्रयोग उपयुक्त वाटल्याने आरगॉन येथे 'चेन रिअ‍ॅक्शन इनोव्हेशन्स' आणि ओक रिज येथे 'इनोव्हेशन क्रॉसरोड्स' असे कार्यक्रम निघाले व २०१७ मध्ये त्यांच्या पहिल्या तुकड्या दाखल झाल्या. पुढे कोलोरॅडो राज्यातील गोल्डन येथील अक्षय ऊर्जेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतही 'वेस्ट गेट' नावाने असाच कार्यक्रम घेण्यात आला.

योजनेची मुख्य वैशिष्ट्ये

१) कालावधी : निवड झालेल्या नवउद्योजकास साधारणतः दोन वर्षे प्रयोगशाळेत राहून काम करता येते.

२) निर्वाह वेतन : या काळात घरखर्चासाठी वेतन व आरोग्य विम्यासाठी मदत मिळते. त्यामुळे पोटापाण्यासाठी दुसरी नोकरी करावी लागत नाही आणि पूर्ण वेळ यंत्रावर देता येतो.

३) उपकरणे व मार्गदर्शक : संशोधनासाठी स्वतंत्र रक्कम मिळते आणि त्या विषयातील शास्त्रज्ञ मार्गदर्शक म्हणून नेमला जातो.

४) व्यवसायाचे शिक्षण : ग्राहक कोण, एका नगाचा खर्च किती, गुंतवणूकदाराशी बोलणी कशी करावीत, याचे प्रशिक्षण दिले जाते. बहुतेक उमेदवार विज्ञान शिकलेले असल्याने या भागाची त्यांना विशेष गरज असते.

५) मालकी : योजनेच्या बदल्यात कंपनीचा हिस्सा मागितला जात नाही. प्रयोगशाळेबरोबर लेखी करार होतो. आधीची कल्पना ज्याची त्याचीच राहते. एकत्र कामातून निघालेल्या नव्या शोधाचे हक्क करारात ठरतात.

येथे कारखाना उभारण्यास पैसे मिळत नाहीत, हे लक्षात घ्यावे. मिळतो तो सिद्धतेसाठी लागणारा वेळ, उपकरणे आणि जाणकारांची संगत.

उदाहरण पहिले : इथेनॉलवर चालणारे डिझेल इंजिन

आपला ट्रॅक्टर ज्या तत्त्वावर चालतो त्याच्याशी हे उदाहरण निगडित आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबल्याने ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. इथेनॉल अशा रीतीने सहजासहजी पेटत नाही. म्हणून ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते, पण डिझेलची जागा घेऊ शकत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन केलेल्या दोन तरुण अभियंत्यांनी असा विचार मांडला की, सिलिंडरमधील हवा अधिक गरम ठेवली तर इथेनॉलही डिझेलप्रमाणे पेट घेईल. डिझेल इंजिनाची ताकद कायम राहील आणि काजळी जवळजवळ होणार नाही.

कागदावर हे पटणारे होते. परंतु इंजिनाची ताकद, इंधनाचा खप आणि धुरातील वायू एकाच वेळी मोजणारा चाचणी कक्ष उभारणे दोन व्यक्तींच्या आवाक्यात नव्हते. 'क्लिअरफ्लेम' या नावाने त्यांची आरगॉनच्या कार्यक्रमात निवड झाली. तेथे इंजिनांचे चाचणी कक्ष तयार होते. इंजेक्टरमधून उडणारा इंधनाचा फवारा क्ष-किरणांनी पाहण्याची सोयही या प्रयोगशाळेत आहे. तेथे मिळालेल्या आकड्यांच्या बळावर त्यांना पुढील भांडवल उभे करता आले आणि पुढे मालवाहू ट्रकच्या इंजिनावर ही पद्धत बसवून पाहण्यात आली.

तथापि, चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे बाजारपेठ मिळालीच असे नव्हे. शुद्ध इथेनॉल पंपावर मिळते काय, जुने इंजिन बदलण्याचा खर्च किती दिवसांत निघतो, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळा देऊ शकत नाही.

उदाहरण दुसरे : उष्णतेची साठवण

सूर्य मावळल्यावर सौर वीज बंद होते. कारखान्याला मात्र वाफ रात्रीही लागते. सायक्लोट्रॉन रोडमधून पुढे आलेल्या 'अँटोरा एनर्जी' या कंपनीने घन कार्बनचे ठोकळे स्वस्त विजेने लालबुंद तापवून त्यांत उष्णता साठविण्याची पद्धत विकसित केली. हवी तेव्हा ही उष्णता वाफेसाठी वापरता येते, तसेच ठोकळ्यांचा झगझगीत उजेड विशिष्ट सौर घटांवर पाडून वीजही मिळविता येते. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शेतीप्रधान भागात २०२३ मध्ये याची मोठ्या आकाराची चाचणी सुरू झाली.

आपल्याकडे काय सोय आहे?

अमेरिकेतील योजना आपल्या गावातील तरुणासाठी नाही. परंतु तिच्यातील तिन्ही गोष्टी, म्हणजे वेळ, उपकरणे आणि मार्गदर्शन, आपल्याकडेही वेगवेगळ्या ठिकाणी उपलब्ध आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून 'व्हेंचर सेंटर' कार्यरत असून तेथे नवउद्योजकांना जागा, मार्गदर्शन व शुल्क भरून उपकरणे वापरण्याची सोय मिळते. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'निधी प्रयास' योजनेत नमुना यंत्रासाठी १० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेअंतर्गत २०१८-१९ पासून कृषी नवउद्योजकांसाठी कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख व पुढील टप्प्यावर २५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. औपचारिक शिक्षण न झालेल्या संशोधक शेतकऱ्यांसाठी अहमदाबाद येथे २००० मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन झाले आहे. योजनांच्या अटी व रकमा बदलत असल्याने अर्ज करण्यापूर्वी संबंधित केंद्राकडे खात्री करून घ्यावी.

प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी घरी करावयाचा हिशेब

कोणत्याही प्रयोगशाळेचा पहिला प्रश्न असतो, "आकडे काय आहेत?" सौर वाळवणी यंत्राचे उदाहरण घेऊ.

समजा, १०० किलो ओल्या लाल मिरचीत ७५ टक्के पाणी आहे आणि ती १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायची आहे. कोरडा भाग २५ किलो असल्याने वाळलेल्या मिरचीचे वजन सुमारे २८ किलो भरेल. म्हणजे सुमारे ७२ किलो पाणी उडवावे लागेल. त्यासाठी किमान ४८ युनिट उष्णता लागते. आपल्याकडे स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटर जागेवर सुमारे ५ युनिट ऊर्जा पडते. यंत्राने त्यातील ३० टक्के उपयोगात आणली असे धरल्यास, ही मिरची एका दिवसात वाळविण्यास सुमारे ३२ चौरस मीटर, किंवा चार दिवसांत वाळविण्यास ८ चौरस मीटर ऊन पकडणारा पृष्ठभाग हवा. यावरून, दोन चौरस मीटरचे यंत्र केवळ उन्हावर एका दिवसात एक क्विंटल मिरची वाळविते, असा दावा कोणी केल्यास तो खरा असू शकत नाही, हे आपण यंत्र न पाहताही सांगू शकतो.

हा हिशेब यंत्र बनविणाऱ्याइतकाच ते विकत घेणाऱ्यालाही उपयोगी आहे.

यंत्र विकसित करणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१) प्रत्येक चाचणीची तारीख, हवामान, मालाचे आधीचे व नंतरचे वजन, तापमान आणि लागलेला वेळ वहीत नोंदवावा. फसलेल्या चाचण्याही लिहाव्यात.

२) कल्पना नवीन असल्यास पेटंटचा अर्ज प्रदर्शनात मांडण्यापूर्वी करावा. एकदा सर्वांसमोर उघड झालेल्या कल्पनेचा नवेपणा कायद्याने धोक्यात येतो. प्रथम तात्पुरत्या स्वरूपाचा अर्ज करून १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील सादर करता येतो.

३) निदान एक पावसाळा व एक उन्हाळा यंत्र दुसऱ्या शेतकऱ्याच्या शेतावर चालवून पाहावे. स्वतःच्या देखरेखीखाली यंत्र नेहमीच चांगले चालते.

४) स्वतंत्र संस्थेकडून चाचणी अहवाल घ्यावा. त्यासाठी ट्रॅक्टर व शेती यंत्रांकरिता मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्रीय संस्था आहे. सौर साधनांसाठी गुरुग्रामजवळ राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था आहे.

५) वरील चार गोष्टी झाल्याशिवाय जमीन गहाण ठेवून उत्पादनासाठी कर्ज काढू नये. सिद्धतेच्या टप्प्यावर अनुदान शोधावे. कर्ज विक्रीच्या टप्प्यासाठी राखून ठेवावे.

अमेरिकेतील योजनेत निवडलेला प्रत्येक जण यशस्वी होतो असे नाही. परंतु ज्याची कल्पना टिकणारी नाही, त्याला ते दोन वर्षांत, घरदार न गमावता कळते, हाही मोठाच फायदा आहे. आपल्या घरात अथवा गावात असे यंत्र तयार होत असल्यास त्या तरुणास प्रदर्शनाच्या मंडपाआधी चाचणी कक्षाचा रस्ता दाखवावा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागाशी संपर्क साधावा.