वाकलेली होडी

होडी कधी वाकते का? फळी मोडेल, पण मेणासारखी वाकणार नाही. तरी एक होडी वाकली आहे. ती कुठं आणि का, ते पाहू.

फ्रान्स देशात ल्वार नावाची मोठी नदी आहे. सुमारे एक हजार किलोमीटर वाहून ती अटलांटिक महासागराला मिळते. मुखाजवळ तिची खाडी होते. भरतीचं पाणी पार नाँत शहरापर्यंत चढतं. नाँत हे जुनं बंदर. पण नदीत गाळ साचला आणि मोठी जहाजं शहरापर्यंत येईनात. बंदर बसलं म्हणजे हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत साऱ्यांच्या पोटावर पाय! म्हणून नदीच्या कडेनं सुमारे १५ किलोमीटर लांबीचा कालवा खणला. त्याचं नाव मार्तिनिएर. १८९२ साली तो सुरू झाला. पाणी अडवायला त्याला मोठे दरवाजे बसवले.

एवढा खटाटोप केला, पण कालवा वीसेक वर्षंच चालला. जहाजं आणखी मोठी होत गेली. इकडे यंत्रांनी गाळ उपसून नदीतली वाटच खोल केली. मग कालव्यात कोण शिरतो? पहिल्या महायुद्धानंतर आगबोटींनी शिडाच्या जहाजांचं काम काढून घेतलं. साता समुद्रांवर फिरलेली ती जहाजं या कालव्यात आणून बांधून ठेवली. पुढं ती मोडीत निघाली.

आता होडीकडे येऊ. २००७ साली नाँतपासून समुद्रापर्यंत नदीकाठी कलाकारांनी चमत्कारिक वस्तू मांडल्या. ऑस्ट्रियाच्या एर्विन वुर्म यांनी ल पेल्रँ गावी, कालव्याच्या दरवाज्यापाशी, एक शिडाची होडी ठेवली. ती पाण्यात नाही, काठाच्या भिंतीवर आहे. तिचा पुढचा भाग मऊ पडल्यासारखा खाली नदीकडे वाकला आहे. दावं ताणणाऱ्या गाईसारखी ती दिसते. आता भिंत ओलांडून नदीत उडी घेईल, असं वाटतं.

याच नदीत कुएरों गावापाशी एक कललेलं घर उभं आहे. भरती आली की पाणी त्याच्या भिंतींवर चढतं. लोक हौसेनं पाहतात म्हणे. आम्हांला ते तितकंसं रुचत नाही. पुरात घर जाताना ज्यानं पाहिलं, त्याला त्यात गंमत कशी वाटावी?

होडीचं तसं नाही. मार्तिनिएर कालवा आजही आहे. सखल शेतांचं पाणी कमीजास्त करायला तो उपयोगी पडतो. काठावर माणसं गळ टाकून बसतात. मोठी जहाजं पलीकडच्या नदीतून जातात, आणि होडीचं तोंड त्याच बाजूला आहे.